होमी भाभा आणि संगणकाच्या स्मृतीला चढलेला ताप

मे महिन्यात भर दुपारी जामच्या चौरस्त्यावर थांबलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये काचेपाशी मोबाइल ठेवून पाहा. नागपूरहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. थोड्याच वेळात मोबाइल मंद होतो, पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी आपण तापलो असल्याचे सांगून गप्प बसतो. लोक म्हणतात, बिघडला. खरे तर तो बिघडू नये म्हणूनच असे वागत असतो. उन्हात काम करणारा माणूस घामाघूम होऊन सावलीला बसतो, त्यातलाच हा प्रकार.

यंत्राच्या स्मृतीलाही ताप चढतो आणि ताप चढला की ती चुकीचे आठवते, हा प्रश्न आपल्याकडे काही कालचा नाही. मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी देशातला एक मोठा संगणक स्वतः बांधायचे ठरले, तेव्हापासूनचा तो आहे. ज्यांच्या संस्थेत तो बांधला गेला त्या होमी जहांगीर भाभांना आपण अणुशक्तीमुळे ओळखतो. त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू चरित्रांतून बहुधा दोन ओळींत उरकली जाते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. लहानपणी होमी फार कमी झोपत. काळजीत पडलेल्या आईवडिलांनी त्यांना युरोपातल्या एका डॉक्टरला दाखवले आणि मुलाचा मेंदू जरा जास्तच जागा आहे, बाकी काही नाही, असा निर्वाळा त्याने दिला, अशी हकिगत सांगितली जाते. आजचे बालरोगतज्ज्ञही बहुधा फार वेगळे सांगणार नाहीत. मूल खेळते, वाढते, हसते आहे तर त्याच्या झोपेचे तास घड्याळ लावून मोजत बसू नये.

घरात ग्रामोफोनवर पाश्चात्त्य संगीत वाजे, कपाटात चित्रकलेची पुस्तके असत. वडिलांची बहीण मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी, म्हणजे होमींची आत्या. आत्याच्या घरी पोलाद, वीज, कारखाने यांच्या गप्पा चालत. पुतण्याने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे करत १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात अडकले. त्यांनी वडिलांना तसे स्पष्ट कळवले. वडिलांनी आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवण्याची अट घातली. १९३० मध्ये त्यांनी तो मिळवला आणि मग गणिताकडे वळले. घरच्यांनी लादलेली ती तीन वर्षे वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. पुढे अणुभट्टी आणि संगणक बांधायची वेळ आली तेव्हा त्यांची किंमत कळली. कागदावरचे समीकरण आणि तापणारा धातू यांच्यातले अंतर ठाऊक असलेले सैद्धांतिक शास्त्रज्ञ तेव्हा थोडेच होते.

१९३१ मध्ये आत्या मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी ल्युकेमियावरील संशोधनासाठी निधी उभारला आणि पुढच्याच वर्षी स्वतःही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टच्या पैशातून १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. या रुग्णालयाचा धागा पुढे पुन्हा भाभांपर्यंत येतो.

केंब्रिजमधले त्यांचे काम थोडक्यात सांगता येईल. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित त्यांनी १९३५-३६च्या सुमारास मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचे कोडे सोडवले. अवकाशातून आलेला एकच वेगवान कण हवेत शिरला की एकाचे दोन, दोनाचे चार अशी कणांची सर कशी कोसळते, याचा तो हिशेब. १९३९ मध्ये सुटीसाठी ते घरी आले आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात ते रुजू झाले आणि तिथे विश्वकिरणांचे छोटे संशोधन केंद्र सुरू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

संगणकाची पूर्वतयारी नकळत इथेच झाली. विश्वकिरण मोजायला गायगर नळ्या लागत. एकच नळी वाजली तर तो भलताच काही कण असू शकतो, म्हणून दोन-तीन नळ्या एकापुढे एक मांडायच्या आणि सगळ्या एकाच क्षणी वाजल्या तरच कण मोजायचा. त्यासाठी व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांची सर्किटे लागत. हो किंवा नाही, शून्य किंवा एक एवढेच जाणणारी ही सर्किटे म्हणजे संगणकाचे जवळचे नातेवाईकच.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली. तो बंगला त्यांच्या नातेवाइकांचा आणि भाभांचा जन्मही तिथलाच. तिथून संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला गेली.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग आला, ट्रॉम्बेचे केंद्र उभे राहू लागले. अणुभट्टीचे गणित हातयंत्रावर करत बसणे अशक्य होते. संगणक विकत घेणे परकीय चलनाच्या दृष्टीने अवघड, आणि विकत घेतला तरी तो आतून कळणार नाही ही खरी अडचण. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५-५६ मध्ये इंग्लंडहून एक संगणक मागवला. मुंबईने दुसरा रस्ता धरला. अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट करून परतलेले आर. नरसिंहन १९५४ मध्ये संस्थेत आले आणि त्यांच्यासह काही तरुणांनी काम सुरू केले. यांतल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक वापरलासुद्धा नव्हता. आधी छोटे चाचणी यंत्र बांधले, ते १९५६च्या अखेरीस चालू लागले. मग मोठे यंत्र हाती घेतले. १९५९ मध्ये त्याची जोडणी पुरी झाली आणि १९६० मध्ये ते कामाला लागले.

या मोठ्या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, सुमारे १,७०० जर्मेनियम डायोड आणि साडेबारा हजारांच्या आसपास रेझिस्टर. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात एक तंतू असतो. तो लालबुंद तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. एकेक तंतू दोन-तीन वॅट घेतो असे धरले तरी नुसते तंतू तापवायलाच पाच-सात किलोवॅट वीज लागणार. खोलीत पाच-सात इस्त्र्या दिवसभर चालू ठेवल्यासारखे ते झाले, आणि बाहेर मुंबईची दमट हवा. अशा कपाटांच्या शेजारी यंत्राची स्मृती नांदवायची होती.

ती स्मृती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेली चुंबकी माती. मोहरीच्या दाण्याशी तुलना करावी एवढी कडी. अशा हजारो कड्या तांब्याच्या बारीक तारांत ओवायच्या, काळी पोत ओवतात तशा, पण उभ्या-आडव्या जाळीत. कडीतले चुंबकत्व एका दिशेने फिरते असेल तर एक, उलट दिशेने असेल तर शून्य. चाळीस अंकी २,०४८ शब्द साठवायचे म्हणजे ८१,९२० कड्या. आजच्या भाषेत दहा किलोबाइट. मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्रालाही ती पुरणार नाही.

यातली युक्ती मोठी देखणी आहे. ठरावीक कडी उलटवायची तर तिच्या उभ्या तारेतून निम्मा प्रवाह सोडायचा आणि आडव्या तारेतून निम्मा. जिथे दोन्ही तारा एकमेकींना छेदतात तिथल्याच कडीला पूर्ण जोर मिळतो आणि ती उलटते. बाकीच्यांना निम्माच धक्का बसतो, त्या जागच्या हलत नाहीत. गायगर नळ्यांची कल्पना हीच होती. दोन्हीकडून एकाच वेळी आले तरच मानायचे.

पण निम्म्याने हलू नये आणि पूर्णाने हललेच पाहिजे, ही अट फेराइट एका ठरावीक तापमानाच्या आसपासच पाळतो. पदार्थ जसजसा तापतो तसतसे त्याचे चुंबकत्व सैल पडते. एका मर्यादेपलीकडे ते नाहीसेच होते. ही मर्यादा पिएर क्यूरींनी १८९५ मध्ये नीट अभ्यासली, म्हणून तिला क्यूरी तापमान म्हणतात. त्या मर्यादेच्या बरेच खालीही कडी हळवी होत जाते. जाळे तापले तर निम्म्या धक्क्यानेही शेजारची भलतीच कडी डगमगते. जाळे गारठले तर पूर्ण धक्क्यानेही हवी ती कडी उलटत नाही. दोन्ही वेळी यंत्र चुकीचे आठवते, आणि चुकले हे त्याला कळतही नाही. तापात बरळणाऱ्या रुग्णासारखी ही अवस्था. फरक इतकाच, की रुग्णाच्या कपाळाला हात लावून घरचे ओळखतात. यंत्र मात्र चुकीचे उत्तर तितक्याच टापटिपीने छापून देते.

त्या काळी जगभर यावर दोन उपाय होते. पहिला, जाळ्याचे तापमानच बदलू द्यायचे नाही. थंड खोली, पंखे, आणि काही मोठ्या अमेरिकन यंत्रांत तर कड्यांचे जाळे तेलात बुडवून ते तेल कायम एकाच तापमानावर राखत. यात वीज पुष्कळ जाते. दुसरा उपाय अधिक शहाणा. जाळ्याजवळ थर्मिस्टर नावाचा लहानसा मणी बसवायचा. धातूंच्या ऑक्साइडांपासून केलेल्या या मण्याचा विजेला होणारा विरोध तापमान वाढले की झपाट्याने कमी होतो. त्याच्या इशाऱ्यावर तारांतला प्रवाह आपोआप घटवायचा. कडी हळवी झाली तर धक्काही हलका. वीज वाचते, उष्णता कमी होते आणि स्मृतीही शाबूत राहते. तापमान ओळखणारा पदार्थच तापमानाचा बंदोबस्त करतो.

हा मणी वाचकांनी हाताळलेला आहे. घरातल्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाशी तोच असतो. सरकारी रुग्णालयात कमी वजनाच्या बाळाला वॉर्मरखाली ठेवतात, तेव्हा त्याच्या पोटावर चिकटवलेल्या तारेच्या टोकाशीही बहुधा तोच असतो. बाळ गार पडले की वर तापवणारी कांडी जोर धरते, पुरेसे ऊबदार झाले की मंदावते. आपल्या मेंदूतही हायपोथॅलॅमस नावाच्या भागात तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी आहेत. त्यांच्या इशाऱ्यावर घाम सुटतो, कातडीकडे रक्त वाढते, कामाचा उत्साह मावळतो. उष्माघातात ही व्यवस्थाच कोलमडते. शरीराचे तापमान ४०च्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. विदर्भात मे महिन्यात शेतातून आणलेला रुग्ण भान हरपून भलतेच बोलत असेल तर त्याला आधी ओले करून वारा घालावा आणि मग दवाखान्याकडे धावावे, हे या निमित्ताने सांगून ठेवलेले बरे.

जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि त्याच वेळी या संगणकाचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. इमारतीत भाभांचा हात सर्वत्र दिसे. भिंतींवर कुठली चित्रे लागावीत, बागेत कुठले झाड कुठे असावे, हे ते स्वतः पाहत. रस्त्यात आलेली मोठी झाडे तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायचा त्यांचा आग्रह असे. ते स्वतः उत्तम रेखाचित्रे काढत. लग्न त्यांनी केले नाही. याच वर्षी टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगावर किरणोपचार करायचे तर किरणोत्सर्गी पदार्थ, त्यांची मोजमापे आणि भौतिकशास्त्रज्ञ एकाच छपराखाली असावेत, ही दृष्टी त्यामागे होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, वर्धा-चंद्रपूरकडूनही, परळला जाणाऱ्या रुग्णांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की आपले रुग्णालय आरोग्य खात्याचे नसून अणुऊर्जा खात्याचे आहे.

भाभांवर टीकाही झाली आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. मेघनाद साहांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला विद्यापीठांना बाजूला सारून स्वतंत्र संस्था उभ्या करणे पसंत नव्हते. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांची आजची अवस्था पाहिली की साहांचे म्हणणे आठवते. टिफ्रॅकबद्दलही असेच म्हणता येईल. तो पूर्ण झाला तोवर जगात ट्रान्झिस्टरचे संगणक येऊ लागले होते आणि व्हॉल्व्हचा जमाना सरत चालला होता. १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आणला आणि पुढे टिफ्रॅक बंद झाला. पैसा वाया गेला का? यंत्र म्हणून कदाचित. पण आतली प्रत्येक तार ओळखणारी माणसे त्यातून तयार झाली, आणि ती विकत मिळत नाहीत.

तापाचा प्रश्न मात्र कड्यांबरोबर संपला नाही. आजच्या मोबाइल आणि संगणकातली चालू स्मृती म्हणजे विद्युतभार धरून ठेवणाऱ्या अब्जावधी सूक्ष्म कुप्या. त्या गळक्या असतात. म्हणून प्रत्येक कुपी ठरावीक वेळाने, साधारणपणे ६४ सहस्रांश सेकंदांत एकदा, पुन्हा भरावी लागते. तापमान वाढले की गळती वाढते. ८५ अंशांपलीकडे हीच भरणी ३२ सहस्रांश सेकंदांत करावी लागते. म्हणजे ताप वाढला की कष्ट दुप्पट, आणि कष्टांमुळे पुन्हा ताप. म्हणून मोबाइलच्या स्मृतीतच तापमान ओळखणारा भाग घालतात. यंत्र गार असेल तेव्हा भरणी सावकाश होते आणि बॅटरी वाचते.

काही पदार्थांत तर उष्णतेनेच लिहितात. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे मिश्रण विजेच्या झटक्याने सुमारे ६०० अंशांवर क्षणभर वितळवून झटकन थंड केले, तर ते काचेसारखे विस्कळीत गोठते आणि विजेला अडवते. जरा कमी तापवून सावकाश थंड केले, तर त्याचे स्फटिक होतात आणि वीज सहज वाहते. या दोन अवस्था म्हणजे शून्य आणि एक. वीज बंद केली तरी लिहिलेले टिकते. चाशनी भरभर गार झाली तर काचेसारखी कडक आणि रेंगाळत गार झाली तर खडीसाखर, हे स्वयंपाकघरात ठाऊक असलेलेच आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइड हा पदार्थ तर ६८ अंशांना अचानक धातूसारखा वाहक बनतो. स्वतःच चालू-बंद होणारी कळ म्हणून त्यावर संशोधन चालू आहे.

१९६३ मध्ये सरकारने देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा अध्यक्ष भाभाच होते. सुटे भाग इथेच तयार झाले पाहिजेत, ही त्यांची जुनी भूमिका. २४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते.

समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली. १९६९ मध्ये ट्रॉम्बेत विकसित झालेला टीडीसी-१२ हा ट्रान्झिस्टरवरचा संगणक तिने बनवून विकायला सुरुवात केली. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर.